बंदुकीला कल्हई

नातीनं विजापूर रोडला नवीन घर घेतलं आणि बैठकीच्या भिंतीवर एक बंदूक टांगली. खोटी. कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेली, आखूड नळीची, दस्त्यावर पितळी फुलं ठोकलेली. "आज्जी, कशी दिसते?" असं तिनं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी बंदूक खाली काढायला लावली, बाल्कनीतल्या खराट्याची एक काडी मोडली आणि नळीत घातली. काडी चार बोटं आत गेली आणि अडली.

"भरलेली आहे," मी म्हटलं.

"भरलेली कुठली, भरीव आहे ती. शोभेची."

"असेल. पण काडी अडली की भरलेली समजायची, असं मला शिकवलंय."

कुणी शिकवलं ते तिनं विचारलं नाही. चहा ठेवायला आत गेली. विचारलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती, तोंडी सांगून मोकळी झाले असते. पण तोंडी सांगताना मी थोडं इकडचं तिकडं करते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर तेवढं जमत नाही.

मी मूळची सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली. मॅट्रिक पास झालेली आणि त्याचा माज असलेली. लग्न होऊन सीनेच्या काठच्या एका गावात गेले तेव्हा मला वाटायचं, सोलापुरातून माझ्यासारखी मुलगी तिथं आली म्हणजे गावाचं भाग्यच उजळलं. गावाला तसं काही वाटत नव्हतं. चूल पेटवताना मला इतका ठसका लागायचा की शेजारच्या बायका कामं टाकून बघायला यायच्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना सांगायच्या, "शिकल्याली हाय. हळूहळू येईल."

त्या घरात मला मनापासून आवडलेली पहिली वस्तू म्हणजे मामंजींची बंदूक. नवरा आवडायला त्यानंतर थोडे दिवस लागले.

ठासणीची बंदूक होती. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली. गावात तशा आणखी दोन-तीन होत्या, पण त्या लांब नळीच्या, माणसाएवढ्या. दस्ता जमिनीवर टेकवून हात डोक्याच्या वर नेल्याशिवाय ठासता यायच्या नाहीत. मामंजींची मात्र हातभर नळीची. मामंजींच्या आजोबांनी कुणाकडून तरी घेतली होती आणि ती आखूड का, याच्या गोष्टी घरात जितकी माणसं तितक्या होत्या. मामंजी म्हणायचे, उभ्या ज्वारीत वळायला लांब नळी अडती, म्हणून शहाण्या माणसानं आखूड केली. आत्याबाई म्हणायच्या, मोडली असंल.

मी पावणेपाच फूट. लांब बंदूक ठासायची तर मला पाटावर उभं राहावं लागलं असतं. ही माझ्या मापाची होती. घरात कुणी नसलं की मी ती कमरेशी धरून कपाटाच्या आरशासमोर उभी राहायचे. मान तिरकी, एक भुवई वर. त्या भुवईसाठी मी फार मेहनत घेतली. आज तो आरसा समोर आला तर मी त्याची माफी मागेन.

मामंजींचा उजवा हात कापायचा. बंदुकीत भरायची दारू सांडायची. पहिल्याच सुगीत त्यांनी मला हाक मारली आणि ठासायला शिकवलं. ते स्वतः समोर बसणार, मी ठासणार, असा नियम. पहिल्यांदा गज घालून बघायचं. गज म्हणजे नळीत दारू ठासायची लोखंडी सळई. ती तळाला पोचली तर बंदूक रिकामी, चार बोटं वर अडली तर भरलेली. मग चुन्याच्या डबीचं टोपण भरून दारू. मग जुन्या लुगड्याची चिंधी. मग गजानं ठोकायचं. गज आतून उड्या मारायला लागला की दारू बसली. शेवटी घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळं वरून छर्रे घाला, खडे घाला, तिची तक्रार नसायची. मामंजी बहुतेक वेळा काहीच घालायचे नाहीत, नुसता बार काढायचे.

"आवाजाला डुक्कर भितं," ते म्हणायचे. "छऱ्यानं मरतं. मेल्यावर ते काय शिकणार?"

आणि एकदा म्हणाले, "दुसरा बार भराया येळ लागतो बघ हिला. तेवढ्यात माणसाचा राग निवतो. म्हनून घरात ठेवायला हीच बरी."

मला त्या वेळी रागापेक्षा धूर आवडायचा. पांढरा, जाड, कुजक्या अंड्यासारखा वास असलेला. बार निघाला की मामंजी दिसेनासे व्हायचे आणि धुरातून त्यांचा खोकला यायचा. मग नळीच्या खिळी काढून ती दस्त्यापासून सुटी करायची, गरम पाण्यानं धुवायची, तेलाचं बोट फिरवायचं. हे सगळं माझ्याकडे आलं. घरातली दुसरी कुठलीही गोष्ट मला धड येत नव्हती, ही येत होती.

नियम आणखी एक होता. "परवाना माझ्या नावचा हाय. परक्याच्या हातात बंदूक द्यायची न्हाय. देवानं मागितली तरी न्हाय."

दसऱ्याला गावची पालखी शिलंगणाला निघायची तेव्हा शिवेवर पहिला बार मामंजींच्या बंदुकीचा असायचा. त्यांच्या वडिलांचाही असायचा. बार निघाल्याशिवाय पालखी शीव ओलांडत नसे. एरवी मामंजी गावात चार माणसांसारखे एक. कुणी त्यांना पंच केलं नाही की चावडीवर बोलावलं नाही. वर्षातून तेवढा एक क्षण सगळं गाव त्यांच्या हाताकडे बघत थांबायचं.

माझ्या पहिल्या दसऱ्याला नणंदेच्या सासरचे पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका मिशाळ काकांनी खंडेनवमीच्या पाटावर मांडलेली बंदूक बघितली आणि म्हणाले, "ही बंदूक हाय का उखळातलं मुसळ?" सगळे हसले, मामंजीही हसले. बंदूक होतीही तशीच, काळी, गंजाचे ठिपके पडलेली. मला मात्र ते लागलं. वर्षभर मी त्या मिशांना मनातल्या मनात उत्तरं दिली.

पुढच्या नवरात्रात मामंजी अकलूजला लेकीकडे गेले होते, आत्याबाई भुईमूग काढायला शेतात. मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेत. आणि गावात कल्हईवाला आला. देवळामागच्या लिंबाखाली त्यानं भाता लावला. मी घरातली चार पातेली काढली, आणि पातेल्यांच्या खाली, पदराच्या आत, बंदुकीची सुटी केलेली नळी.

"ये क्या है, बहू?" म्हातारा चाचा म्हणाला.

"नळी आहे. हिला कल्हई करा."

"बंदूक कू कलई? मेरे बाप ने बी नै करे."

"म्हणून तुम्ही करायची नाही, असं आहे का?"

"लोखंड है. धरती नै जल्दी. नवसागर बहोत लगता."

"लागू द्या."

त्यानं नळी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "भरेली नै ना?" मी ऐटीत गज घालून दाखवला. तो तळाला टण्‌कन वाजला. चाचा माझ्याकडे बघत राहिला. ती कौतुकाची नजर आहे असं मी धरलं. आता वाटतं, माणूस घाबरला होता.

त्यानं वाळूनं घासली, तापवली, नवसागर टाकला, कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्यानं एक हात मारला. नळी चांदीची झाली. मी म्हटलं, आणखी एक हात मारा. तो म्हणाला, बस है. मी म्हटलं, नाही, जाड पाहिजे. दोन पायली ज्वारी देऊन मी नळी घरी आणली, दस्त्यावर बसवली आणि खुंटीला टांगली. परक्याच्या हातात, परक्याच्या भट्टीत, घालून आणलेली बंदूक.

संध्याकाळी मामंजी आले. बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी ती चकाकी त्यांना दिसली.

"हे कुणी केलं?"

इथं मी खरं बोलले असते तर फार तर आठ दिवसांची बोलणी खाल्ली असती. मी म्हटलं, "मी घासली. राखेनं आणि विटकरीच्या पुडीनं. तीन दिवस घासतेय, मामंजी." आणि हाताला काही झालंय अशा थाटात पंजे पदरात लपवले. पंजांना काही झालेलं नव्हतं, तेच लपवायचं होतं.

आत्याबाई जवळ आल्या, नळीला नाक लावलं. "नवसागराचा वास येतोय गं. भांडी काढली हुतीस व्हय कल्हईला?"

"हो. चार पातेली."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या दसऱ्याला मामंजींनी ती बंदूक गावभर मिरवली. "आमच्या सूनबाईनं तीन दिस घासून चांदी केली हिची." मिशाळ काकांनी मान डोलावली. शिवेवर बार निघाला तेव्हा उन्हात नळी अशी चमकली की पोरं ओरडली. मी बायकांत उभी होते, भुवई वर करून.

दसऱ्यानंतर निवडणूक लागली. निवडणुकीच्या आधी परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, अजूनही. निकाल लागला की परत मिळतात. मी माहेरी निघाले होते, तालुक्यापर्यंतची एसटी एकच, म्हणून मामंजींबरोबर मीही ठाण्यात गेले. पिशवी घेऊन दाराशी उभी राहिले.

हवालदारानं परवान्याचं पुस्तक उघडलं, बंदूक उलटीसुलटी केली. "नंबर कुटं हाय?"

"हितंच हाय की, नळीच्या बुडाला," मामंजी म्हणाले. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. तो नंबर आधीच झिजून बोथट झालेला. आता अंगठ्याला काहीच लागेना.

"नंबर घासून काढलाय. गुन्हा हाय हा. कुणी काढला?"

मला तेव्हाच कळलं. नंबर घासलेला नव्हता. कल्हईच्या दोन जाड हातांखाली झाकला होता. नळी जरा तापवली, कापूस फिरवला, की तो तिथंच होता. एवढं वाक्य बोलायचं होतं. मामंजींनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, काळजी होती. मग हवालदाराकडं तोंड करून म्हणाले, "मीच घासली, सायेब. दसऱ्याला. म्हाताऱ्या माणसाला दिसलं न्हाय."

हवालदारानं ते लिहून घेतलं. मामंजींनी अंगठा दिला. मी एसटी चुकेल म्हणून चुळबूळ करत होते, असं मला आठवतं. म्हणजे आपल्याला एसटीचीच काळजी आहे असं मी स्वतःला पटवत होते.

खटला झाला नाही. पण निवडणूक झाली, सगळ्यांच्या बंदुका परत आल्या, आमची आली नाही. नंबरची खात्री पटल्याशिवाय मिळणार नाही, म्हणाले. मामंजी दर बाजारच्या दिवशी तालुक्याला जायला लागले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नंबर पाठ होता, आणि कचेरीतल्या प्रत्येक नव्या माणसासमोर ते तो म्हणून दाखवायचे. शेवटचे आकडे सात, शून्य, चार. कारकून म्हणायचा, "आजोबा, कागदावर हाय हो. लोखंडावर कुटाय?"

शेतात डुकरं आली की ते पत्र्याचा डबा बडवत आणि ओरडत फिरायचे. सुगी संपेपर्यंत त्यांचा आवाज बसला.

मी सांगणार होतेच. आज सांगू, रविवारी सांगू, मास्तरांचा मूड बघून सांगू. आणि जितका उशीर होत गेला तितकं सांगणं जड झालं. आता नुसती कल्हई सांगून भागणार नव्हतं. ठाण्याच्या दारात गप्प उभी राहिले तेही सांगावं लागणार होतं. शिवाय ते तीन दिवस. ते गावात सगळ्यांच्या तोंडी होते. माझ्या नावावर जमा असलेली ती एकच गोष्ट होती आणि ती खोटी होती.

एकदा भाकरी थापताना आत्याबाई सहज म्हणाल्या, "कल्हई किती दिस टिकती गं?"

"पातेल्याची का? पाच-सहा महिने."

"मग निघती की आपोआप."

"वापरलं तर निघते. नुसतं ठेवलं तर राहते."

"व्हय का," म्हणाल्या आणि भाकरी उलटली. दार त्यांनी एवढं उघडून ठेवलं होतं. मी मात्र शिकलेली, मला वाटलं पातेल्यांचंच चाललंय. खोटं बोलले. मला तसं वाटलं नव्हतं. वाटून घेतलं.

पुढच्या दसऱ्याला शिवेवर दुसऱ्याच्या नव्या दुनळी बंदुकीचा बार निघाला. कोरडा, टाळी वाजवल्यासारखा. धूर जवळजवळ नाहीच. मामंजी गर्दीच्या कडेला हात मागं बांधून उभे होते. कुणीतरी म्हणालं, "तुमच्या बंदुकीचा आवाज न्यारा हुता." ते म्हणाले, "येईल की औंदा. कागुद गेलाय वर."

त्या हिवाळ्यात ते तापानं आजारी पडले. शेवटच्या दिवसांत मला जवळ बोलावून म्हणाले, "सूनबाई, गज कुटं हाय? त्येला त्याल लाव. बंदूक आली की लागंल." गज घरीच राहिला होता, ठाण्यात नेताना मीच काढून ठेवला होता. मी तेल लावलं. त्यांच्या उशाशी बसून लावलं. खोलीत आम्ही दोघंच होतो, कुणी येणार नव्हतं, त्यांचे डोळे मिटलेले होते. गजाला तेल लावायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ मी लावला, आणि उठले.

ते गेल्यावर ठाण्यातून निरोप आला. परवानाधारक वारले, वारसानं येऊन काय ते लिहून द्यावं. मी मास्तरांबरोबर गेले. गज छत्रीत घालून नेला. मुद्देमालाच्या खोलीतून बंदूक आणली, धूळ बसलेली, पण पुसल्यावर तशीच चांदीची. हवालदार नवा होता.

"साहेब, पाच मिनिटं द्या," मी म्हटलं. गज घालून बघितला, तळाला वाजला. खिळी काढल्या, नळी सुटी केली आणि ठाण्यासमोरच्या चहाच्या गाडीवर गेले. चहावाल्यानं पातेलं उतरवलं. नळीचं बूड मी स्टोव्हच्या जाळावर धरलं, दुसरं टोक फडक्यात. हवालदार चार पावलं लांब उभा राहिला. कथील पाघळायला लागलं तसा मी कापसाचा बोळा फिरवला. मग पुन्हा एकदा.

हवालदारानं वाकून वाचलं. एकेक आकडा मोठ्यानं. मास्तर परवान्याच्या पुस्तकात बोट ठेवून ऐकत होते. सात, शून्य, चार.

"जुळतोय की," हवालदार म्हणाला. "हे आधी का न्हाय केलं?"

मी नळी फडक्यानं पुसून परत दस्त्यावर बसवली. मास्तरांना परवाना नको होता, त्यांना आवाज सोसायचा नाही. त्यांनी बंदूक सरकारजमा करायच्या कागदावर सही केली. गज मी परत छत्रीत सरकवला. परवान्यात गजाचा उल्लेख नव्हता.

एसटीत बसल्यावर मास्तरांनी विचारलं, "तुला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"आत्ताच सुचलं."

ते गणित शिकवायचे. उत्तर कुणी स्वतः काढलंय आणि कुणाला आधीच माहीत होतं, हे त्यांना वहीवरून कळायचं. त्यांनी मान हलवली आणि गाव येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

घरी आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. आम्ही काही सांगायच्या आधी म्हणाल्या, "निघाली का कल्हई?"

मास्तरांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते हातपाय धुवायला परसात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"नाक हाय मला."

"मग त्यांना का नाही सांगितलं?"

"तू सांगशील म्हनून." त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं तर माझी चुगली झाली असती. तू सांगितलं असतंस तर त्यो हसला असता गं. दोन दिस फुगला असता आन मग गावभर सांगत सुटला असता, आमच्या सुनंनं बंदुकीला कल्हई केली म्हनून." मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "माझं बी चुकलंच की. लई वाट बघितली."

त्या खरंच बोलत होत्या. मामंजी हसले असते. धुरात खोकायचे तसे, खोकत खोकत हसले असते. हे मला त्याआधी कधी सुचलं नव्हतं. मी शिक्षेचा हिशेब दीड वर्ष केला, हसण्याचा एकदाही नाही.

आता आत्याबाई नाहीत, मास्तरही नाहीत. मास्तरांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही, विचारलं तर सांगेन, असं म्हणत राहिले. ते मला विचारणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते म्हणणं इतकं सोयीचं होतं.

गज आता शुक्रवार पेठेत, मुलाच्या घरी, माझ्या गादीखाली आहे. मुलाला वाटतं, मी तो मांजर हाकलायला ठेवलाय. दर खंडेनवमीला तेल लावते आणि पाटावर सुरी-कात्रीच्या शेजारी मांडते. येत्या खंडेनवमीला तो घेऊन नातीकडे जाणार आहे. तिच्या त्या खोट्या नळीत घालणार आहे. चार बोटं जाईल आणि अडेल. मग कुणी शिकवलं असं तिनं विचारलं तर सांगेन. आणि ती चहा ठेवायला उठली, तर तिचा हात धरून खाली बसवेन आणि सांगेन.